दाणा फुटला की फोडला? जुन्या अन्नाची कृती मातीतून कशी शोधायची

उत्खननात जळका गहू सापडला की तिथले लोक गहू खात होते, एवढं कुणीही सांगेल. त्या गव्हाचं त्यांनी केलं काय, हा प्रश्न वेगळा आणि जास्त अवघड. भरडला, दळला, भिजवून कांडला, मोड आणून वाळवला, की नुसताच भाजून तोंडात टाकला? अख्ख्या दाण्यात याचं उत्तर बहुधा नसतं. ते असतं कण्यांत, कोंड्यात, चुलीच्या राखेत, पाट्याच्या खाचांत आणि मडक्याच्या अंगात मुरलेल्या तेलकटपणात. त्यामुळे या कामात देखण्या दाण्यावर भाळू नये. मोडकंतोडकं आधी बघावं.

हे शिकायला सातारा-सांगलीइतकी सोयीची जागा शोधून सापडणार नाही. पाटण-जावळीच्या डोंगरात नाचणी, वरी आणि भात, माण-खटाव आणि जत-आटपाडीकडे ज्वारी-बाजरी, कृष्णाकाठी हळद. उखळ-मुसळ, पाटा-वरवंटा, जातं अजून बऱ्याच घरांच्या परड्यात पडून आहे. शिवाय मळणं, उफणणं, चाळणं, पाखडणं, निवडणं, सडणं, कांडणं, भरडणं, दळणं असे वेगवेगळे शब्द बोलीत आहेत. यातल्या प्रत्येक शब्दामागे वेगळा कचरा आहे, आणि पुरातत्त्वाला मिळतो तो नेमका हा कचरा.

पुढची माहिती महाविद्यालयातले विद्यार्थी, इतिहास मंडळं आणि परवानाधारक उत्खननात मदतीला जाणाऱ्यांसाठी आहे. एक गोष्ट आधीच स्पष्ट: १९५८ च्या प्राचीन स्मारक कायद्याखाली परवान्याशिवाय पुरातत्त्वीय उत्खनन करता येत नाही. नांगराला जुनी खापरं किंवा पाटा लागला तर जागच्या जागी फोटो काढा, वस्तू धुऊ नका, घरी नेऊ नका, पुरातत्त्व विभागाला कळवा. घरी, शेतात आणि कॉलेजच्या प्रयोगशाळेत करता येण्याजोगं काम त्याशिवायही भरपूर आहे, आणि सुरुवात तिथूनच करायची असते.

आजचं धान्य, आजचा कचरा

एक घर आणि एक पीक निवडा. समजा पाटणकडची वरी. मळणीपासून शिजवण्यापर्यंत प्रत्येक पायरीला दोन पिशव्या भरा: एकीत पुढच्या पायरीला गेलेलं, दुसरीत बाजूला पडलेलं. प्रत्येकी साधारण एक लिटर पुरे. कापडी पिशवी वापरा, कारण प्लॅस्टिकमध्ये ओलसर कोंड्याला बुरशी धरते. पिशवीच्या आत आणि बाहेर अशा दोन चिठ्ठ्या, त्याही पेन्सिलीने लिहिलेल्या. शाई दमट हवेत फुटते. चिठ्ठीवर पीक, गाव, महिना, पायरीचं स्थानिक नाव, अवजार आणि ते कशाचं (दगडी उखळ की लाकडी, चाळणीची भोकं किती मिलिमीटरची) एवढं हवंच.

मग प्रत्येक पिशवीतलं काय आहे ते वेगळं करून मोजा. उफणताना वाऱ्यावर जातो तो भुसा, पातळ कोंडा आणि हलकी तणबी, म्हणजे तणाचं बी. चाळणीच्या खाली पडते दाण्याहून बारीक तणबी आणि माती. वर राहतात काड्या आणि कणसाचे तुकडे. सुपात पाखडूनही जे धान्यातच राहतं, ते शेवटी हाताने निवडावं लागतं: दाण्याच्याच मापाची तणबी, खडे, किडके दाणे.

हा भेद कामाचा का, तर मळणी-उफणणी खळ्यावर आणि हंगामात एकदाच होते, पण निवडणं रोजचं, घरातलं, चुलीच्या आसपासचं. निवडलेला कचरा चुलीत जातो, जळतो आणि टिकतो. म्हणून घराच्या चुलीतल्या राखेत दाण्याएवढी तणबी जास्त दिसली तर धान्य बहुतेक साफ करूनच साठवलं होतं आणि शेवटचा हात रोज फिरत होता, असं म्हणता येतं. भुसा, काड्या, बारीक तणबी असं सगळंच त्या राखेत असेल तर साठवण कणसासकट किंवा अर्धवट मळलेली असावी. हा तर्क जुन्या वनस्पती-अवशेषांचे अभ्यासक गॉर्डन हिलमन यांनी तुर्कस्तानात आणि ग्लिनिस जोन्स यांनी ग्रीसमधल्या अमोर्गोस बेटावर आजच्या शेतकऱ्यांची कामं बघून बसवला.

पण तो गहू-बार्लीवर बसवलेला आहे. नाचणीचा दाणा जेमतेम दीड मिलिमीटरचा. गव्हाच्या हिशोबात जी ‘बारीक तणबी’, ती नाचणीच्या हिशोबात दाण्याएवढी किंवा दाण्याहून मोठी. परदेशी तक्ता उचलून पाटणच्या चुलीला लावला की उत्तर उलटं येतं. इथल्या धान्याचा तक्ता इथेच करावा लागतो, आणि वरच्या पिशव्या त्यासाठीच आहेत.

दुसरी फसगत गोवरीची. जनावर कडबा, कोंडा, गवत खातं. त्यातल्या काही बिया न पचता शेणात येतात. शेणाची गोवरी होते. गोवरी चुलीत जळते. म्हणजे चुलीतली जळकी बी माणसाच्या ताटाकडून आली असेल, नाहीतर गोठ्याकडून. एक गोवरी मोठ्या पातेल्यात आदल्या दिवशी भिजत घाला, बारीक चाळणीवर धुवा आणि काय काय निघतं ते बघा. दुसरी जाळा आणि राख तपासा. हा प्रयोग केल्याशिवाय चुलीतल्या तणबीवर एक ओळही लिहू नये.

जाळून बघणं

आपल्या हवामानात उघड्या वस्तीवर हजारो वर्षं टिकतो तो कोळसा झालेला दाणा. न जळलेला, पिवळा-तपकिरी दाणा अशा जागी सापडला तर तो आजचाच धरायचा. त्यामुळे तुलनेचा संग्रहही जाळलेलाच हवा.

एकाच धान्याचे पाच प्रकार करा: अख्खा कोरडा, रात्रभर (८ ते १२ तास) भिजवलेला, मोड आणून सावलीत वाळवलेला, भरडलेला आणि शिजवलेला. अख्ख्या दाण्यांच्या प्रकारांत प्रत्येकी २५ दाणे मोजा. त्यांची लांबी, रुंदी, जाडी मिलिमीटरच्या दहाव्या भागापर्यंत आधीच लिहून ठेवा. प्रत्येक गट अॅल्युमिनियम फॉइलमध्ये गुंडाळा. चिठ्ठी जळून जाईल, म्हणून फॉइलवर टोकदार वस्तूने क्रमांक कोरा. झाकणाच्या लोखंडी डब्यात कोरड्या वाळूत या पुड्या पुरा, म्हणजे हवा लागत नाही. मफल भट्टीत (प्रयोगशाळेतली विजेची बंद भट्टी) २५० अंश सेल्सिअसला चार तास ठेवा. डबा पूर्ण थंड झाल्यावरच उघडा. गरम असताना हवा शिरली की कोळशाची राख होते आणि दिवस वाया जातो. भट्टी नसेल तर चुलीच्या निखाऱ्यात डबा ठेवून नजर तयार करता येईल, पण तापमान माहीत नसल्याने ती मापं कुठेही वापरता येणार नाहीत.

उष्णता वाढवाल तसा दाणा फुगतो, आखूड आणि जाड होतो, पुढे वेडावाकडा होऊन ओळख हरवतो. तीळ, जवस, करडई यांच्यातलं तेल बाहेर येऊन ते लवकर फुटतात. म्हणून उत्खननात तेलबिया कमी दिसतात तेव्हा त्या खात नव्हते असा अर्थ काढू नये.

आता भिंगाखाली बघण्याची मुख्य गोष्ट. दाणा आधी भरडला आणि नंतर जळला, तर तापताना तुटलेल्या बाजूने आतलं पीठ बाहेर फुगून येतं. तो पृष्ठभाग गोलसर, गुळगुळीत, चकचकीत दिसतो आणि कडा बोथट होतात. जळल्यानंतर तुटला असेल, म्हणजे मातीच्या दाबाने, कुदळीने किंवा धुताना आपल्याच हाताने, तर तुटलेली बाजू सपाट आणि निस्तेज असते, कडा धारदार राहते. गव्हाच्या भरड्यावर हे चांगलं सिद्ध झालेलं आहे. ज्वारी आणि वरीवर तुमच्या हाताने करून खात्री करा आणि प्रत्येक नमुन्यात किती टक्के कडा बोथट, किती धारदार, हे मोजून लिहा. एखाद्या चकचकीत कणीवरून ‘भरडा करत होते’ म्हणणं घाईचं. भिजवलेला दाणा जळताना साल फाटून बाहेर येतो, तेही या चकचकीत बाजूसारखं दिसू शकतं. भिजवलेला गट वेगळा ठेवायला सांगितलं ते यासाठीच.

कडधान्यांत अजून एक खड्डा आहे. कुळीथ, मूग, तूर अख्खी जाळली तरी दोन दलांत आपोआप सुटते. म्हणून सुटं दल म्हणजे डाळ, असं म्हणता येत नाही. सालीचे तुकडे किती दलांना चिकटून आहेत, किती दलांच्या कडा झिजलेल्या आहेत, मोठ्या संख्येत साल अजिबातच नाही का, हे एकत्र बघावं लागतं. दलं डाळीसारखी स्वच्छ, पण जवळ सालीचा एकही तुकडा नाही, तर सालटी काढण्याचं काम दुसरीकडे झालं असेल.

मोड आलेल्या दाण्याचा कोंब जाळल्यावर गळून पडतो. मागे राहतो तो पोकळ झालेला अंकुराचा खळगा आणि आत ओढलं गेलेलं अंग. खात्रीसाठी इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली सालीलगतच्या पेशींच्या भिंती बघतात. मोड येताना त्या पातळ होतात. आंबिलीसाठी मोड आणलेल्या नाचणीवर हे तपासण्यासारखं आहे. मात्र साठवणीत ओल लागूनही दाण्याला मोड येतो. मोड मुद्दाम आणला हे म्हणायला जवळपास सगळ्या दाण्यांना सारखाच मोड हवा.

शिजवलेलंही जाळा: भाकरीचा तुकडा, घट्ट आंबील, घुगऱ्या, पिठलं. उत्खननात ‘न ओळखता आलेला कोळशाचा गोळा’ म्हणून बाजूला टाकलेल्या वस्तूंत अन्न असतं. भाकरीच्या आतली भोकं बारीक आणि दाबलेली दिसतात. पातळ, उकळलेल्या पदार्थात मोठे गोल बुडबुडे राहतात. पिठात रुतलेले सालीचे तुकडे किती बारीक आहेत त्यावरून दळण जाडं की बारीक ते कळतं. पण फळाचा गर, शेण, चरबी यांचेही असेच गोळे होतात. तेही जाळून शेजारी ठेवा, नाहीतर प्रत्येक गोळ्यात भाकरी दिसायला लागते.

माती धुणं

परवानाधारक उत्खननात माती घेताना चूल, राखेचा थर, जमीन, पेव (धान्य साठवायचा जमिनीतला खड्डा), इतर खड्डे अशा प्रत्येक संदर्भातून घ्या, आणि वरून रिकामा वाटणाऱ्या थरातूनही घ्या. एका नमुन्याला २० ते ४० लिटर. छोट्या चुलीत तेवढी नसेल तर आहे तेवढी सगळी. लिटर मोजून लिहिणं अत्यावश्यक, कारण शेवटी तुलना ‘दर लिटरमागे किती दाणे’ अशी करायची असते. पेवाच्या तळाची आणि वरची माती एकत्र करू नका. तळाशी असते ती साठवण, वर असतो तो नंतर टाकलेला केर.

पद्धत साधी आहे. २० लिटरच्या बादलीत तीन-चार लिटर माती, वर पाणी. हाताने अलगद ढवळा, गोळे चुरगाळू नका. १५-२० सेकंद थांबा, जड माती बसू द्या. तरंगणारं पाणी ०.२५ मिलिमीटरच्या जाळीवर ओता. वर काही येईनासं होईपर्यंत हेच पुन्हा करा. तळाचा गाळ एक मिलिमीटरच्या चाळणीवर धुवा, कारण भरीव कोळसा, फळांच्या कोयी आणि दगडी अवजारांचे कपचे तरंगत नाहीत. चहाची गाळणी किंवा मच्छरदाणीचं कापड चालवू नका. नाचणी, राळा, वरी त्यातून पार निघून जातात आणि अहवालात लिहिलं जातं की ही धान्यं नव्हती.

जाळीवरचं सगळं मलमलीच्या पुरचुंडीत बांधून सावलीत वाळवा. उन्हात टाकलं की ओला कोळसा तडकतो. त्याच कारणाने कोरडा खडखडीत नमुना अचानक पाण्यात टाकणंही वाईट.

कृष्णाकाठची काळी माती या सगळ्याला दाद देत नाही. ती चिकट, फुगणारी. गोळ्यात अडकलेला दाणा बादलीच्या तळाशीच राहतो. उपाय: माती अर्धवट वाळलेली असतानाच लहान ढेकळं करा, पाण्यात मूठभर खाण्याचा सोडा घालून काही तास भिजू द्या, मग ढवळा. सोड्याने मऊ झालेला कोळसा मोडतो, तेव्हा रात्रभर ठेवू नका. पिष्टकणांसाठी (पिठातले स्टार्चचे सूक्ष्म कण) ठेवायची माती मात्र सोडा न घालता वेगळी काढा.

किती दाणे निसटतात हे तपासायला एक जुनी युक्ती आहे. खसखशीचे ५० दाणे जाळून घ्या, नमुन्यात मिसळा आणि शेवटी किती परत आले ते मोजा. ४५ आले तर हात बसला. २० आले तर जाळी, ढवळणं किंवा ओतणं यात चूक आहे. पुढचे नमुने थांबवा.

काळ्या मातीची दुसरी खोड म्हणजे उन्हाळ्यात पडणाऱ्या भेगा. आजच्या ज्वारीचा दाणा त्यातून खोलवर जातो. मुंग्याही नेतात. तो जळलेला नसेल तर कळतं. पण उसाचं पाचट पेटवलेल्या रानात तणबी, गवत, काड्या आजही जळतात आणि पुढच्या पावसात भेगांतून खाली जातात. म्हणजे जळकं ते जुनंच, हा नियम ऊसपट्ट्यात चालत नाही. महत्त्वाच्या दाण्यावर थेट रेडिओकार्बन कालमापन करावं. त्यातल्या एएमएस या कार्बनचे अणू थेट मोजणाऱ्या पद्धतीला काही मिलिग्रॅम पुरतात, एक ज्वारीचा दाणाही चालतो. थराचं वय दाण्याला लावून टाकणं सोपं, पण ज्वारी, बाजरी, नाचणी ही तिन्ही धान्यं मूळची आफ्रिकेतली. ती इथे कधी आली हाच वादाचा मुद्दा असताना दाण्याचं स्वतःचं वय हवंच.

वाळलेला नमुना ४, २, १, ०.५ आणि ०.२५ मिलिमीटरच्या चाळण्यांतून वेगळा करा. वरच्या दोन चाळण्यांतलं सगळं निवडा. खालचं खूप असेल तर सारखे भाग करून एक भाग निवडा आणि तसं लिहा. भिंग १० ते ४० पट मोठं दाखवणारं लागतं. जळकी नाचणी, राळा आणि वरी एकमेकांत हमखास मिसळतात. जुन्या अहवालांतल्या नाचणीच्या काही नोंदी नंतर तपासल्यावर दुसऱ्या बारीक धान्याच्या निघाल्या. अंकुराच्या खळग्याची लांबी आणि दाण्याच्या बुडाजवळच्या ठिपक्याचा आकार बघून, तुलनेच्या दाण्याशेजारी ठेवूनच नाव द्या. न जमल्यास ‘बारीक तृणधान्य’ लिहा.

पाटा, जातं आणि हळदीचा घोटाळा

दळण्याचा सगळ्यात थेट पुरावा दगडावरच्या पिष्टकणांत असतो. धान्याच्या प्रकारानुसार त्यांचा आकार बदलतो. गहू-बार्लीत मोठे चपटे आणि बारीक गोल असे दोन गट, तांदळात अगदी बारीक, कोनेदार, कडधान्यात घेवड्याच्या दाण्यासारखे, मधे लांब चीर असलेले, ज्वारी-बाजरीत बहुकोनी. ४०० पट सूक्ष्मदर्शकात, दोन ध्रुवक (पोलरायझिंग) काचांमध्ये बघितलं की शाबूत कणावर काळी फुली दिसते. ध्रुवक पापुद्रे स्वस्तात मिळतात. एक दिव्यावर, एक नेत्रिकेत, आणि कॉलेजचा साधा सूक्ष्मदर्शक कामाला लागतो.

दळल्यावर कणाला तडे जातात, मधला ठिपका रुंदावतो, फुली अंधूक होते. पाणी आणि उष्णता मिळाली की कण फुगून फुली पूर्ण जाते. गव्हात हे ५५ अंशांच्या आसपास सुरू होतं, ज्वारी-तांदळाला ७० च्या आसपास लागतात. कोंगो रेड नावाचा रंग मोडलेले आणि शिजलेले कण रंगवतो, कच्च्या शाबूत कणांत तो शिरत नाही. कोरडं दळताना कण जास्त दुखावतात, ओलं वाटताना कमी. म्हणून भिजवून वाटलेलं आणि कोरडं दळलेलं असे दोन नमुने प्रत्येक धान्याचे करा: थोडं पीठ, ग्लिसरीन आणि पाणी समभाग, एक थेंब, वर काच, १०० कण मोजा. भाकरीचीही काच करा. उकळत्या पाण्याने पीठ मळलं, तव्यावर भाजलं, तरी पाणी कमी पडल्याने त्यात फुलीवाले कण उरतात. फुली दिसली म्हणजे कच्चं, असं समजणाऱ्यांना ही काच दाखवावी.

प्रयोगासाठी अवजार काळाप्रमाणे निवडा. ताम्रपाषाणयुगीन, म्हणजे तांबं आणि दगड दोन्ही वापरणाऱ्या, दख्खनी वस्तीत गोल फिरणारं जातं नसतं; असतो तो पाट्यासारखा लांबट दगड, ज्यावर दुसरा दगड मागेपुढे घासतात. फिरतं जातं नंतर, ऐतिहासिक काळात आलं. जात्यावर केलेले प्रयोग पुणे जिल्ह्यातल्या इनामगावसारख्या ताम्रपाषाणयुगीन वस्तीच्या दगडांना लावण्यात अर्थ नाही.

जुन्या दगडावरून नमुना घेताना तीन थर वेगळे घ्यायचे. पहिला, कोरड्या नव्या ब्रशने झटकलेली माती. दुसरा, पाच गुणिले पाच सेंटिमीटरच्या भागावर ऊर्ध्वपातित पाणी टाकून ब्रशने सोडवलेला गाळ. तिसरा, पाच मिनिटं अल्ट्रासॉनिक कंपनं देऊन खाचांतून निघालेला. शिवाय दगडाच्या आसपासची माती आणि दगडाची न वापरलेली पाठ. चिकणमाती सोडवायला पाच टक्के सोडियम हेक्सामेटाफॉस्फेट, मग १.७ ते १.८ घनतेच्या सोडियम पॉलिटंगस्टेटच्या जड द्रावणात पिष्टकण वर तरंगवतात. वनस्पतीतली सिलिकाची सूक्ष्म रूपं, म्हणजे फायटोलिथ, हवी असतील तर घनता २.३ ठेवतात. कण तिसऱ्या थरात जास्त आणि मातीत, पाठीवर जवळपास नसतील, तरच ते वापराचे मानायचे. पाचही ठिकाणी सारखे असतील तर तो आसपासचा केर.

आणि केर इथे फार. पावडर लावलेल्या रबरी हातमोज्यात मक्याचं स्टार्च असतं, आणि मक्याचा कण ज्वारीच्या कणासारखाच बहुकोनी. म्हणजे सातारा-सांगलीत ज्वारी शोधायला निघालेला माणूस स्वतःचे हातमोजे शोधून परत येऊ शकतो. बिनपावडरचे वापरा. मका, बटाटा, साबुदाण्याचा कसावा ही तिन्ही अमेरिकेतली पिकं. १५०० सालाआधीच्या थरात त्यांचा कण दिसला तर डबा कुणी उघडला ते बघा. एकादशीला प्रयोगशाळेच्या टेबलावर खिचडी खाऊ नये, हा विनोद नाही. कामाच्या टेबलावर ग्लिसरीन लावलेली एक काच आठवडाभर उघडी ठेवा. तिच्यावर जे जमेल ते सगळ्या निकालांतून वजा धरा.

सगळ्यात मोठा घोटाळा हळदीचा. गावात पडलेला जुना पाटा कुणीतरी देव म्हणून उभा केलेला असतो. लग्नात जात्याची पूजा होते, त्यावर हळद दळली जाते. पालच्या खंडोबाच्या यात्रेत तर भंडारा हवेतच असतो. अशा दगडावरची हळद तीन हजार वर्षांची आहे की गेल्या पौषातली, हे कसं ओळखणार?

अंशतः ओळखता येतं, आणि त्याची किल्ली सांगलीच्याच हळदीत आहे. ओल्या हळकुंडाचा पिष्टकण चपटा, अंड्याच्या आकाराचा. ठिपका मधे नसून निमुळत्या टोकाशी, त्यामुळे फुलीचे हात एका टोकातून पसरल्यासारखे दिसतात. बाजारातली हळद मात्र काढणीनंतर शिजवून, वाळवून, घासून तयार झालेली असते. शिजताना कण फुटून एकमेकांना चिकटतात. पुडीत दिसतात ते पिवळे गोळे, फुली नसलेले. म्हणून संग्रहात दोन्ही ठेवा: शेतातून आणलेलं ओलं हळकुंड आणि दुकानातली शिजवलेली हळद. दगडाच्या वरच्या थरात नुसते पिवळे गोळे असतील तर कुंकवाच्या करंड्याकडे बोट दाखवा. खोल थरात शाबूत, एका टोकाला ठिपका असलेले कण असतील तर ओली हळद किंवा तिच्या कुळातलं आलं, आंबेहळद यांचा विचार करा. हरियाणातल्या फरमाणा या सिंधू संस्कृतीच्या गावी अरुणिमा कश्यप आणि स्टीव्ह वेबर यांनी २०१० मध्ये हळद आणि आल्याचे पिष्टकण नोंदवले ते अशाच ओळखीवर.

मडकं

खापराच्या आत मुरलेला मेद काढायला रसायनशाळा लागते. दोनेक ग्रॅम खापराची भुकटी, क्लोरोफॉर्म-मिथेनॉलचं मिश्रण आणि गॅस क्रोमॅटोग्राफी (मिश्रणातले घटक वेगळे करून ओळखायचं तंत्र). जमिनीवर काम करणाऱ्याने एवढंच सांभाळावं: खापर धुऊ नये, उघड्या बोटांनी धरू नये (आपल्या कातडीचं तेल नमुन्यात उतरतं) आणि प्लॅस्टिकमध्ये न ठेवता फॉइलमध्ये गुंडाळावं, कारण प्लॅस्टिकमधली द्रव्यं त्यात मिसळतात. काठाजवळचे, पोटाचे आणि तळाचे तुकडे वेगळे. प्राण्यांची चरबी ठळक दिसते आणि भाजी-धान्याचा मेद मुळातच कमी असतो, त्यामुळे ‘मडक्यात फक्त मांस’ असा निकाल आला तर त्यावर लगेच विश्वास ठेवू नये.

काय म्हणता येतं

इनामगावला घोड नदीकाठी डेक्कन कॉलेजने १९६८ ते १९८३ या काळात उत्खनन केलं. बार्ली, गहू, मसूर, कुळीथ, वाल अशी धान्यं तिथे ओळखली गेली. त्या यादीपुढे ‘त्याचं काय केलं’ हा रकाना जोडण्यासाठीच वरची सगळी खटपट.

तो रकाना भरतो कसा, याचे नमुने आहेत. इराकमधल्या शानिदार गुहेतले आणि ग्रीसमधल्या फ्रांख्थी गुहेतले जळके अन्नगोळे इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली बघून २०२२ मध्ये दाखवलं गेलं की कडधान्यं भिजवून, कांडून किंवा भरडून वापरली होती आणि साल पूर्ण काढलेली नव्हती. सालीचे तुकडे गोळ्यात असणं, एवढ्याशा गोष्टीवर ते विधान उभं आहे. जॉर्डनमधल्या शुबायका इथल्या १४,४०० वर्षांपूर्वीच्या चुलीत भाकरीसारख्या अन्नाचे तुकडे मिळाले, शेती सुरू व्हायच्या आधीचे. राजस्थानात बिंजोरला २०१७ मध्ये सात लाडूसारखे गोळे निघाले; त्यांत बार्ली, गहू, हरभरा आणि तेलबिया होत्या.

अहवालात विधानं तीन पायऱ्यांवर लिहावीत. पहिली, नुसतं दिसलेलं: ‘२३ कण्यांपैकी १७ च्या तुटलेल्या बाजू गोलसर, चकचकीत.’ दुसरी, प्रयोगाशी जुळणारं: ‘भरडून मग जाळलेल्या वरीशी जुळतं, भिजवलेल्या वरीशी जुळत नाही.’ तिसरी, माणसाचं काम: ‘भरडा केला जात असावा.’ तिसरी पायरी लिहायची तर पहिल्या दोन त्याच पानावर हव्यात, आणि दगड, मडकं, राख यांपैकी निदान दोन ठिकाणचा पुरावा एकाच बाजूला झुकलेला हवा.

तुलनेचे नमुने काचेच्या बरणीत, कापराच्या वडीशिवाय ठेवा; कापूर पुढे रासायनिक तपासणीत दिसतो. किडीसाठी बरणी भरण्याआधी धान्य तीन-चार दिवस डीप फ्रीझरमध्ये ठेवलं की पुरे. जाळलेले दाणे कापसावर ठेवू नका, तंतू अडकून निघत नाहीत. छोट्या जिलेटिनच्या कॅप्सूल त्यासाठी उत्तम, फक्त पावसाळ्यात त्यांच्यासोबत सिलिका जेलची पुडी टाका.